तांड्याची वाट आणि काळविटांचें रान

वाशिम जिल्ह्यांतील मानोरा तालुक्यांत पोहरादेवी हें गांव आहे. संत सेवालाल महाराजांची समाधि तेथें असल्यामुळें बंजारा समाज त्यास आपली काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेस दूरदूरच्या तांड्यांतून माणसें येतात. त्यांच्या पूर्वजांचे बैल ज्या माळांवर चरले, त्या माळांचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

ही भूमि अग्नीची निर्मिति आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूपृष्ठाला भेगा पडून लाव्हारस थरांवर थर पसरला व त्याचा काळा पाषाण झाला. पुढें पावसानें तो झिजवून माती खोलगटांत नेली. म्हणून सखल भागांत कपाशीची काळी जमीन, तर उंचवट्यांवर मुरमाचा पातळ थर आढळतो. अशा मुरमाड माळावर दाट अरण्य सहसा वाढत नाहीं. गवत मात्र भरपूर येतें.

याच गवतावर काळवीट जगला आणि लमाणांचा बैलहि. काळविटाचें सारें संरक्षण त्याच्या नजरेंत व पायांत असतें. लांडगा दुरून दिसेल असें मोकळें रान त्याला लागतें. लमाण तर बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरत. १६३२ सालीं पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तर हिंदुस्थानांत १४,००० बैलांचा तांडा भेटला होता. एवढ्या बैलांना विकतची वैरण कोण पुरविणार? वाटेवरचें गवत हेंच त्या व्यापाराचें भांडवल होतें.

१८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचे भाव भडकले आणि नांगर माळावर चढला. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोहोंचली; तांड्यांचा माल डब्यांत गेला. न नांगरलेली जमीन 'पडीक' म्हणून ओळखली जाऊं लागली. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें फिरत्या माणसावर संशयाचा शिक्का मारला. पुढें कांहीं प्रांतांत बंजारेहि त्याच्या कचाट्यांत सांपडले.

माणसांवरील तो शिक्का स्वतंत्र भारतानें १९५२ सालीं कायद्यानें पुसला. जमिनीवरचा अजून पुरता पुसलेला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटास अभय मिळालें. २००० सालीं याच जिल्ह्यांत कारंजा-सोहोळ येथें त्याच्यासाठीं सुमारें १८ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य झालें. उघडा माळ पाहून पुष्कळांस तेथें झाडें लावण्याची इच्छा होते. हेतु चांगला, परंतु दाट झाडींत काळविटाची नजर अडते आणि धांव खुंटते.

पोहरादेवीस २०२४ सालीं बंजारा संस्कृतीचें संग्रहालय उघडलें. तांड्याची स्मृति तेथें जपली जाईल. तांड्याला पोसणारें गवत मात्र जागच्या जागींच राखावें लागतें. यात्रेस जाल तेव्हां वाटेवरच्या माळास पडीक म्हणूं नका, एवढीच विनंति.