तापमान आणि डासांमधील जनुकक्रिया (उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर)

डासाला स्वतःचे स्थिर शरीरतापमान नसते. भोवतालची हवा, अळी वाढते ते पाणी आणि मादी पिते ते रक्त यांवर ते ठरते. त्याबरोबर पेशींतील काही जनुके जागी होतात, काही मंदावतात. डास रोग किती पसरवील, हे बऱ्याच अंशी या बदलांवर अवलंबून असते.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे समुद्रापासून आत आहेत. एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तर जानेवारीच्या पहाटे तो मुंबईपेक्षा बराच खाली असतो. नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असल्याने घरोघरी पिंपे भरलेली असतात. अशा साठवणीच्या स्वच्छ पाण्यात डेंगी व चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती वाढतो, तर गच्चीवरच्या उघड्या टाक्या आणि विहिरी शहरी हिवतापाच्या ॲनोफिलीस स्टीफेन्सीला मानवतात. वालधुनी नदीसारख्या सांडपाण्याने भरलेल्या प्रवाहांत क्युलेक्स डासांची पैदास होते.

डासाच्या मादीला उष्णतेचा एक मोठा धक्का उन्हाने नव्हे, तर माणसाच्या रक्ताने बसतो. सुमारे ३७ अंशांचे रक्त पोटात गेले की एडिसच्या मादीचे शरीर झपाट्याने तापते. उष्णतेने पेशींतील प्रथिनांच्या घड्या बिघडू लागतात. एरवी निष्क्रिय असलेला एक नियंत्रक प्रथिनघटक त्यामुळे मोकळा होतो आणि उष्णता-आघात प्रथिनांची जनुके चालू करतो. त्यांपैकी ‘एचएसपी ७०’ हे प्रथिन आतड्यात विशेष वाढते. २०११ साली अमेरिकी संशोधकांनी या प्रथिनाचे जनुक दाबून पाहिले, तेव्हा रक्ताचे पचन बिघडले आणि मादीने अंडी कमी घातली. स्टीफेन्सीची मादी याशिवाय आणखी एक उपाय करते. रक्त पिताना ती पोटाच्या टोकाशी द्रवाचा थेंब धरून ठेवते आणि त्याच्या बाष्पीभवनाने शरीर थंड राखते.

थंडीचा परिणाम मात्र अनपेक्षित आहे. शिरलेल्या विषाणूचा आरएनए तोडून टाकणारी ‘आरएनए हस्तक्षेप’ नावाची संरक्षक यंत्रणा डासाजवळ असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत १८ अंशांवर वाढवलेल्या एडिसमध्ये ती दुबळी पडली आणि २८ अंशांवर वाढवलेल्यांपेक्षा त्यांना चिकुनगुन्याची लागण सहज झाली. म्हणून थंडीत धोका टळतो, असे सरसकट म्हणणे चुकीचे ठरेल. दुसरीकडे, उष्णतेत विषाणूची वाढ वेगाने होते. १९८७ च्या एका अभ्यासात ३० अंशांवर ठेवलेला एडिस डेंगीचा विषाणू पुढे देण्याजोगा व्हायला १२ दिवस लागले, तर ३२ अंशांवर ७ दिवस पुरले. डासाचे आयुष्य मुळातच काही आठवड्यांचे असल्याने हा फरक फार महत्त्वाचा आहे.

वेधशाळेचा आकडा डासाला जसाच्या तसा लागू होत नाही. एडिस पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत, मोरीच्या कोपऱ्यात विसावतो. बाहेर ४२ अंश असताना तिथला गारवा त्याला तगवतो. गच्चीवरची काळी टाकी आणि घरातले झाकलेले पिंप यांतल्या पाण्याचे तापमानही एक नसते. उबदार पाण्यात अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्याला एक कोरडा दिवस पाळून साठवणीची भांडी रिकामी करतात. त्या दिवशी पिंप नुसते उपडे करून भागत नाही. एडिसची अंडी आतल्या कडांना चिकटलेली असतात व कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात, त्यामुळे कडा घासूनच काढाव्या लागतात.