केडगावच्या बाई विलायतेला गेल्या तेव्हा



न्हावऱ्याहून केडगाव-चौफुल्याच्या रस्त्याला लागलं आणि भीमा ओलांडली, की दौंड तालुका सुरू होतो. थोडं पुढं गेलं की केडगाव. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आपल्यापैकी बऱ्याचजणींनी येता-जाता पाहिलं असेल. आजची गोष्ट तिथूनच सुरू करायची आहे. निमित्त मात्र वेगळंच घडलं.

आमच्या गटात नेपाळच्या यात्रेचं बोलणं चाललं होतं. पशुपतिनाथ, जमलं तर मुक्तिनाथ. लगेच प्रश्न निघाला, पासपोर्ट लागतो का? एक म्हणाली लागतो, दुसरी म्हणाली आधारकार्डावर काम भागतं. तेवढ्यात मागं बसलेली एक आजी म्हणाली, "आगं, त्या केडगावच्या बाई आगबोटीनं विलायतेला गेल्या, त्यांच्याकडं कुठला आलाय पासपोर्ट!" सगळ्या हसल्या. पण प्रश्न खरा होता. घरी येऊन आम्ही तो धरून बसलो. जे हाती लागलं ते आज सांगतो.

आजींचं म्हणणं बरोबर निघालं. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा तिकडं जायला पासपोर्ट लागतच नव्हता. नवरा आदल्या वर्षीच वारलेला, पदरात दोन वर्षांची मनोरमा. प्रवासाच्या पैशासाठी त्यांना त्यांच्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीची मदत झाली. बाईनं पुस्तक लिहायचं आणि त्यावर समुद्र ओलांडायचा, ही त्या काळची गोष्ट आहे बरं का.

त्याच वर्षी कल्याणच्या जोशींच्या आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या. वय अठरा. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने पाण्यावर. नवरा सोबत नाही. सोबतीला ओळखीच्या मिशनरी बाई. जाण्याआधी, २४ फेब्रुवारीला, त्यांनी श्रीरामपूरच्या कॉलेजात लोकांसमोर भाषण केलं. हे श्रीरामपूर बंगालमधलं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे. आपण डॉक्टर व्हायला का जातोय, एकटी का जातोय, हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत कशी येणार, या सगळ्याचं उत्तर त्या मुलीनं इंग्रजीत दिलं.

आम्हाला वाटतं, ते भाषण हाच त्यांचा पासपोर्ट होता. सरकार काही विचारत नव्हतं. विचारत होते घरचे, शेजारचे, जातीचे. समुद्र ओलांडला की माणूस बाटतो अशी समजूत. परत आल्यावर प्रायश्चित्त घ्या, नाहीतर पंगतीला बसू नका. पुरुषांनाही हे चुकत नव्हतं, मग बाईची काय कथा.

अमेरिकेच्या दारात तेव्हा अगदीच मोकळं होतं असंही नाही. १८८२ साली तिथं कायदा झाला होता. वेडी माणसं, गुन्हेगार आणि स्वतःचं पोट भरू न शकणारी माणसं आत घ्यायची नाहीत, आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येकामागं पन्नास सेंट कर घ्यायचा. त्याच साली चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदाही झाला. म्हणजे कागद नव्हता, पण "तुझं पोट कोण भरणार?" हा प्रश्न होता. तो लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

पुढं रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाईंचा पदवीदान समारंभ पाहायला. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. दोन मराठी बायका, सातासमुद्रापार, एका मांडवात! आनंदीबाई मायदेशी आल्या, पण फार जगल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. रमाबाई अमेरिकेत व्याख्यानं देत फिरल्या, इथल्या विधवांसाठी पैसा उभा केला, आणि जपान, हाँगकाँगमार्गे १८८९ मध्ये मुंबईला आल्या. ११ मार्च १८८९ ला शारदा सदन सुरू झालं. तारीख पाहिलीत? आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं. तेच काम पुढं दुष्काळातल्या मुलींना घेऊन केडगावला आलं. एका देशातून दुसऱ्या देशात इतक्या येरझाऱ्या घालणारी बाई शेवटी आपल्या शेजारच्या तालुक्यात येऊन राहिली, १९२२ साली तिथंच गेली.

मग पासपोर्ट आला कधी? तर पहिल्या महायुद्धात. त्याआधी रशिया, तुर्कस्तान असे थोडे देश सोडले तर कागद कुणी फारसा मागत नव्हतं. १९१४ ला लढाई पेटली, हेरांची भीती आली, आणि सगळ्या सरकारांनी दारं लावून घेतली. इंग्रजांनी हिंदुस्थानातही पासपोर्ट सक्तीचा केला. लढाई संपली, सक्ती मात्र राहिली. १९२० साली पॅरिसला देशोदेशीचे अधिकारी बसले आणि पासपोर्ट कसा असावा याचा नमुना ठरवला, ३२ पानांची छोटी वही. आजची वही त्याच घराण्यातली. त्याच साली आपल्याकडं पासपोर्टाशिवाय हिंदुस्थानात शिरता येणार नाही असा कायदा झाला. तो कायदा परवापरवापर्यंत होता. २०२५ च्या नव्या कायद्यानं तो गेला.

त्या जुन्या इंग्रजी वहीत एक गोष्ट आम्हाला फार खटकली. वर्णनाच्या पानावर दोन रकाने असत. एक धारकाचा, दुसरा 'पत्नी'चा. नवऱ्याच्या पासपोर्टातच बायकोचं नाव आणि तिचा फोटो. मुलं पण त्यातच. नवरा सोबत असला तर त्या वहीवर बाई जाणार. जी रमाबाई मूल काखोटीला मारून गेली, तिच्यानंतर चाळीस वर्षांनी कागदावर बाई ही नवऱ्याच्या सामानात जमा झाली. पुढं जायच्या ऐवजी मागं आलो म्हणायचं का हे?

आणि जो कागद देतो, तो काढूनही घेतो. १९१८ सालची गोष्ट. लोकमान्य टिळक होमरूलची मागणी घेऊन सहकाऱ्यांसह विलायतेला निघाले. कोलंबोपर्यंत पोचले आणि तिथं कळलं, पासपोर्ट रद्द. परत फिरावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चिरोलवरच्या खटल्यासाठी मात्र त्यांना जाऊ दिलं. कोर्टात भांडायला जा, पण स्वराज्य मागायला नको.

स्वातंत्र्य आलं तरी ही खोड लगेच गेली नाही. बाहेर जाण्यासाठी पासपोर्ट कुणाला द्यायचा, कुणाला नाही, याचा आपल्याकडं कायदाच नव्हता. सरकारची मर्जी. एका व्यापाऱ्याला पासपोर्ट परत करायला सांगितलं, तो सुप्रीम कोर्टात गेला. एप्रिल १९६७ मध्ये निकाल लागला, पाचपैकी तिघा न्यायाधीशांनी सांगितलं की परदेशी जाणं हा माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्याशिवाय अडवता येणार नाही. सरकारची धावपळ झाली आणि त्याच जूनमध्ये पासपोर्टचा कायदा आला. आजही तोच चालतो.

दहा वर्षांनी एका बाईमुळं ही गोष्ट आणखी पुढं गेली. जुलै १९७७ मध्ये मनेका गांधींना पत्र आलं, सात दिवसांत पासपोर्ट जमा करा. कारण विचारलं तर, जनहितासाठी कारण सांगता येत नाही. त्या कोर्टात गेल्या. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात कोर्टानं सांगितलं की नुसता कायदा असून भागत नाही, त्याची रीत न्याय्य पाहिजे, माणसाचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. हा निकाल वकील लोक आजही जमिनीपासून तुरुंगापर्यंत कुठल्याही खटल्यात काढतात. राजकारण कुणाचं का असेना, एका बाईच्या पासपोर्टवरून सगळ्यांना मिळालेली ही गोष्ट आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. आपली खरी अडचण सुप्रीम कोर्टाची नसते, नावाची असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, रेशनकार्डावर तिसरंच काहीतरी, मधलं अक्षर चुकलेलं. आणि जन्मतारीख? आपल्या वयाच्या निम्म्या बायकांची १ जून! मास्तरांनी शाळेत घालताना लिहिली ती. देवानं एका दिवशी एवढ्या पोरी पाठवल्या असतील का? पण कागदावर ती एकदा बसली की तीच खरी. सगळ्या कागदांवर एकसारखी असली म्हणजे झालं.

डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम सोपे झाले, हे मात्र पुष्कळजणींना ठाऊक नाही. जन्माच्या दाखल्याऐवजी शाळा सोडल्याचा दाखला, पॅनकार्ड, निवडणूक ओळखपत्र यांतलं काही चालतं. (१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळांना मात्र जन्मदाखलाच लागतो, तेव्हा सुनेच्या बाळंतपणानंतर दाखला वेळेत काढा.) लग्नाचा दाखला जोडायची सक्ती गेली. आई-वडील दोघांचीही नावं देण्याची सक्ती गेली, एकाचं पुरतं. घटस्फोट झालेल्या बाईला नवऱ्याचं नाव लिहावं लागत नाही. तो 'पत्नी'चा रकाना आठवा आणि हे वाचा. शंभर वर्षं लागली.

आमच्याकडून अर्ज केला की मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख मिळते, मग चौकशी शिरूर पोलीस ठाण्याकडं येते. त्या दिवशी घरी असावं, कागद हाताशी ठेवावेत.

पासपोर्ट मिळाला म्हणजे परदेश मिळाला, असं मात्र नाही. पासपोर्ट आपलं सरकार देतं, व्हिसा दुसरं सरकार देतं. आणि व्हिसा असला तरी विमानतळावरचा अधिकारी दारात उभा करून विचारतो. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणाऱ्या आज्या आता गावोगावी आहेत. त्यांना विचारतात, कुणाकडं आलात, किती दिवस राहणार, खर्च कोण करणार? पाहा, १८८२ चाच प्रश्न! उत्तर खरं आणि थोडक्यात द्यावं. लेकीचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून जवळ ठेवावा, फोनची बॅटरी ऐन वेळी संपते. बरेच देश पासपोर्टाची मुदत अजून सहा महिने तरी शिल्लक आहे का हे बघतात, परतीचं तिकीटही मागतात.

बाळंतिणीचे डिंकाचे लाडू नेताना जरा थांबा. दुबईकडं जाणार असाल तर लाडवात खसखस घालू नका. तिकडं खसखशीला बंदी आहे, अफूच्या झाडाचं बी म्हणून, आणि त्यापायी माणसं तुरुंगात गेलेली आहेत. अमेरिकेत ताजी फळं, बी-बियाणं, मांस चालत नाही. डब्यात काय आहे ते विचारलं की लपवायचं नाही.

आणि कामाला जाणाऱ्यांचं वेगळं. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टात साधारणपणे ईसीआरची नोंद असते. आखातातले देश धरून अठरा देशांत नोकरीला जायचं तर अशांना सरकारची वेगळी मंजुरी लागते. १९८३ च्या कायद्याखाली ही व्यवस्था आहे. त्यात तीस वर्षांच्या आतल्या बाईला घरकामासाठी मंजुरी मिळत नाही. काहीजणी म्हणतात, हे पुन्हा बाईलाच अडवणं झालं. आमच्यातही यावर एकमत नाही. पण अडवलं म्हणून एजंट काय करतो, तर फिरायला जायचा व्हिसा काढतो. तिथं उतरल्यावर बाईच्या हातात कामाचा कागद नाही, करार नाही, तक्रार करायला तोंड नाही.

आमच्या ओळखीच्या एका बाईंचं असंच झालं. एजंटानं तिकिटासाठी म्हणून पासपोर्ट घेतला आणि महिनाभर दिलाच नाही. आधी आणखी पैसे द्या म्हणाला. गटातल्या सहाजणी मिळून त्याच्या दुकानात जाऊन बसलो. कायद्यात लिहिलंय की पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, एवढंच वाक्य आम्ही पाठ करून गेलो होतो. संध्याकाळी पासपोर्ट मिळाला. बाई गेल्या नाहीत कुठं, इथंच आहेत, शेळ्या घेतल्यात त्यांनी.

राहिला नेपाळचा प्रश्न. १९५० च्या तहामुळं भारतीयांना नेपाळात व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, दोन्हींतलं एक पाहिजे. आधार फक्त पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टच्या पुढच्यांना चालतं. म्हणजे आमच्या आजी आधारवर जातील आणि त्यांच्या सुनेला निवडणूक कार्ड लागेल. परवा सगळ्यांची कार्डं काढून पाहिली. एकीचं सापडत नाही, दोघींच्या कार्डावर माहेरचं गाव आहे. तिघींचे आठ नंबरचे फॉर्म येत्या मंगळवारी भरायचे आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी आपापलं कार्ड आजच पेटीतून काढून बघावं.