उंदीर पडल्यानंतर

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी हजीरा नावाची जुनी वस्ती आहे. हजीरा या शब्दाचा अर्थच कबरीभोवतीचे आवार. महंमद घौस यांचा दगडी जाळ्यांनी नटलेला मकबरा आणि त्याच्या सावलीतली तानसेनाची साधी समाधी यांमुळे हे नाव दूरवर गेले. पुढे १९२१ साली जवळच जियाजीराव कॉटन मिल उभी राहिली आणि गिरणीच्या भोंग्यावर चालणारी दाट कामगार वस्ती येथे वाढली. गिरणी गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. वस्ती मात्र राहिली. दाटीची घरे, कोपऱ्यात रचलेली धान्याची पोती आणि भिंतीच्या बुडाशी उंदरांची बिळे, हे दृश्य हजीऱ्यात काय किंवा मुंबईच्या मांडवीत काय, सारखेच. अशा घरात ढेकूण, झुरळ, वाळवी यांची ओळख कोणाला नसते? परंतु एक कीटक असा आहे, की तो क्वचितच दृष्टीस पडतो, पडला तरी ओळखू येत नाही. तो म्हणजे उंदराच्या अंगावरील पिसू. तिची ओळख पटण्यास जो उशीर लागला, त्याची किंमत या देशाने लक्षावधी जीव देऊन चुकविली.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रुग्ण पाहिले आणि हा प्लेग आहे असे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचे माहेरघर. रोगाचा जंतू अज्ञात नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे येर्सिन याने तो शोधून काढला होता. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. जंतू माहीत होता, लसही झाली होती; परंतु जंतू घरात येतो कसा आणि माणसाच्या रक्तात शिरतो कसा, हे कोणास ठाऊक नव्हते.

अज्ञानातून जे उपाय निघाले, ते रोगाइतकेच दुःसह ठरले. रोग घाणीत, जमिनीत, कपड्यांत आणि माणसाच्या श्वासात आहे, या समजुतीने घरे कार्बोलिकने धुतली गेली, जमिनी उकरल्या गेल्या, छपरांची कौले उतरविली गेली, अंथरुणे जाळली गेली. पुण्यात १८९७ साली गोऱ्या सोल्जरांनी घरोघर घेतलेल्या झडत्या, त्यातून उसळलेला संताप आणि २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेली गोळी, हा इतिहास महाराष्ट्रास पाठ आहे. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. इतके सारे होत असताना खरा अपराधी मोकळाच होता. इतकेच नव्हे, तर घरे धुऊन काढल्याने उंदीर शेजारच्या घरात पळत आणि आपल्याबरोबर पिसवाही नेत.

सामान्य लोकांना मात्र एक गोष्ट विद्वानांच्या आधी कळली होती. घरात उंदीर पडू लागला, की मुक्काम हलवावा आणि गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहावे. ‘उंदीर पडला’ हे दोन शब्द त्या काळी कोणत्याही सरकारी जाहीरनाम्यापेक्षा अधिक जाणते होते. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरी लोकांचाही हाच शिरस्ता होता. कारण त्यांना सांगता येत नव्हते. पण अनुभव खोटा नव्हता.

कारण सांगण्याचा पहिला मान पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराकडे जातो. १८९८ च्या जून महिन्यात कराचीत त्याने एक साधा प्रयोग केला. काचेच्या बरणीत प्लेगने आजारी असलेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला आणि जवळच जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. आजारी उंदीर मेला. काही दिवसांनी निरोगी उंदीरही प्लेगने मेला. मधला दूत उघड होता. तथापि सिमाँच्या म्हणण्यावर त्या वेळच्या बहुतेक तज्ज्ञांनी विश्वास ठेवला नाही.

पुढचे काम मुंबईत झाले. ग्लेन लिस्टन या डॉक्टराने १९०४ मध्ये एका चाळीची हकीकत बारकाईने नोंदविली. तेथे आधी उंदीर मेले, मग रहिवाशांना पिसवांचा त्रास होऊ लागला आणि मग माणसे आजारी पडली. त्या माणसांच्या अंगावरच्या पिसवा त्याने गोळा करून पाहिल्या, तेव्हा त्यांतील बऱ्याच माणसावर एरवी न सापडणाऱ्या, उंदराच्या पिसवा निघाल्या. उंदीर मरून थंड पडला, की पिसू त्याला सोडते आणि दुसरे उबदार रक्त शोधते.

१९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग संशोधन आयोगाने हे निर्विवाद सिद्ध केले. पिसवांनी भरलेल्या खोलीत एक गिनीपिग जमिनीपासून दोन इंच उंचीवर, तर दुसरा दोन फूट उंचीवर टांगला. खालच्यास रोग झाला, वरचा वाचला. कारण पिसवेची उडी तितकी पोचत नाही. भोवती चिकट कागदाचा रुंद पट्टा घातला तरीही आतला प्राणी सुरक्षित राहिला. १९१४ मध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी उरलेले कोडे उलगडले: जंतूंच्या वाढीने पिसवेच्या अन्नमार्गात बूच बसते, तिची भूक भागत नाही, म्हणून ती पुनःपुन्हा चावते आणि दर चाव्याबरोबर जंतू सोडते. तोपर्यंत हिंदुस्थानात लक्षावधी माणसे दगावली होती. पुढे ती संख्या एक कोटीच्या वर गेली.

मग ही पिसू ओळखावी कशी? ढेकूण वरून चपटा असतो आणि उडी मारत नाही. ऊ माणसाचे अंग सोडत नाही. पिसू दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी, तपकिरी, बिनपंखी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीची असून टुणकन उडी घेते. कुत्र्यामांजरांच्या पिसवेच्या डोक्याजवळ कंगव्यासारखे दाते असतात. उंदराच्या पिसवेला ते नसतात. अर्थात हा भेद भिंगातूनच दिसतो. गृहस्थाने ध्यानात ठेवायची खूण निराळीच आहे: घरात न मारता उंदीर मेलेले सापडणे आणि पाठोपाठ पायांना चावे बसू लागणे.

हा केवळ जुना इतिहास नव्हे. १९९३ च्या लातूर-उस्मानाबाद भूकंपानंतरच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात लोकांनी पिसवांची आणि उंदीर मरत असल्याची तक्रार केली आणि नंतर गाठीच्या तापाचे रुग्ण आढळले. पुढच्याच महिन्यात सुरतेत घबराट उडाली. आता प्रतिजैविकांनी हा रोग वेळेवर बरा होतो; म्हणूनच वेळ ओळखणे अधिक मोलाचे.

उपाय कठीण नाही, क्रम मात्र चुकता कामा नये. उंदीर एकाएकी मरू लागले, की आरोग्य खात्यास कळवावे आणि मेलेल्या उंदरास हात लावू नये. आधी बिळांत आणि वाटांवर कीटकनाशक टाकून पिसवा माराव्यात; नंतरच उंदरांसाठी विष किंवा सापळा. उलट केले, तर आसरा गमावलेल्या उपाशी पिसवा माणसावर येतील. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात असावे, बिळे सिमेंटने बुजवावीत, कचरा साठू देऊ नये. हजीऱ्याच्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबालाही हे साधण्यासारखे आहे. ज्या शत्रूने आपल्या पणजोबांच्या पिढीस घरदार सोडायला लावले, त्याला आज घरातच थोपविता येते. फक्त त्याची ओळख असली पाहिजे.