छायाचित्रण, रंगीत व कृष्णधवल
छायाचित्रण, रंगीत व कृष्णधवल : छायाचित्र रंगीत घ्यावे की कृष्णधवल, हा प्रश्न छायाचित्रकारापुढे खऱ्या अर्थाने विसाव्या शतकात उभा राहिला. तोपर्यंत निवडीला वाव नव्हता. चांदीच्या लवणांवर प्रकाशाची तीव्रता उमटे, रंग उमटत नसे. भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यक्तिचित्रे चित्रकारांकडून हाताने रंगवून घेण्याची प्रथा पडली, ती या उणिवेपोटीच. काही चित्रांत रंगाचा थर इतका दाट असे की, खालचे छायाचित्र जवळजवळ झाकले जाई.

तीन मूलवर्णांपासून रंगीत प्रतिमा मिळविता येते, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडन येथे दाखविले. व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरलेली पहिली पद्धत म्हणजे ल्यूम्येअर बंधूंची ऑटोक्रोम (१९०७) होय. तीत काचेवर बटाट्याच्या स्टार्चचे रंगविलेले सूक्ष्म कण पसरीत. हे कण बराच प्रकाश शोषून घेत असल्याने उद्‌भासनाचा (काच प्रकाशास उघडी ठेवण्याचा) काळ लांबे व हलती वस्तू टिपणे दुरापास्त होई. कोडाक्रोम ही फिल्म १९३५ मध्ये चलच्चित्रणासाठी व पुढील वर्षी ३५ मिमी. कॅमेऱ्यासाठी आली. तिचे रंग उत्तम व टिकाऊ होते. पण ती मंद होती आणि तिच्यावरील संस्करण ठराविक प्रयोगशाळांतच होऊ शके. कृष्णधवल फिल्म मात्र छायाचित्रकार स्वतःच्या अंधाऱ्या खोलीत त्याच रात्री धुऊ शके व वृत्तपत्रही ती स्वस्तात छापू शके. वृत्तछायाचित्रकारांची निवड अशा प्रकारे अभिरुचीपेक्षा व्यवसायाने ठरविली, ही गोष्ट कलेच्या इतिहासात पुष्कळदा दुर्लक्षिली जाते.

रंग मुख्यत्वे जाहिराती व हौशी लोकांकडे गेल्यामुळे त्याविषयी कलाक्षेत्रात तुच्छता निर्माण झाली. वॉकर एव्हान्झ यांनी रंगीत छायाचित्रणास हीन अभिरुचीचे ठरविले होते. तथापि अखेरच्या वर्षांत तेच पोलरॉइड कॅमेऱ्याने रंगीत छायाचित्रे घेऊ लागले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जॉन झारकोव्हस्की यांनी १९७६ मध्ये विल्यम एगल्स्टन यांचे रंगीत प्रदर्शन भरविले. हे तेथील पहिले रंगीत प्रदर्शन, असे सांगितले जाते. ते बरोबर नाही. एलियट पोर्टर (१९४३) व एर्न्स्ट हास (१९६२) यांची प्रदर्शने तेथे आधीच झाली होती. समीक्षकांनी एगल्स्टन यांची कामे क्षुल्लक ठरविली, पण रंगाला कलेचा दर्जा मिळण्यास या प्रदर्शनाचा फार उपयोग झाला.

भारतात हा वाद वेगळ्या भूमिकेवरून लढला गेला. रघुबीर सिंग (१९४२–९९) यांनी जवळजवळ सर्व काम रंगात केले. कृष्णधवल चित्रणामागील विषण्णता पाश्चात्त्य आधुनिकतेची असून भारतीय दृष्टी मूलतः रंगाची आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुंबईवरील त्यांचे पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. हे मत आकर्षक असले, तरी सर्वस्वी ग्राह्य नाही. होमाई व्यारावाला यांच्या कृष्णधवल छायाचित्रांना कोणी अभारतीय म्हणणार नाही.

या प्रश्नाची कठोर कसोटी भोपाळ येथे लागली. २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री झालेल्या वायुगळतीनंतर मातीत पुरल्या जात असलेल्या एका अनाम बालकाचे छायाचित्र रघु राय यांनी कृष्णधवल, तर पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत घेतले. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्रास त्या वर्षीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ पुरस्कार मिळाला. रंगीत चित्रात माती ही मातीच राहते आणि घटनेचे तात्कालिकत्व अंगावर येते. कृष्णधवल चित्रात चेहरा व माती एकाच छटेत मिसळू लागतात व ते शोकचिन्हासारखे दिसते. मृत बालकाविषयी अधिक प्रामाणिक कोणते, याचा निर्णय समीक्षेला करता आलेला नाही.

अंकीय कॅमेऱ्यांनी जुनी आर्थिक व तांत्रिक कारणे निकालात काढली. कोडाक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये बंद झाले. नेहमीच्या अंकीय कॅमेऱ्यात संवेदकावर रंगीत गाळण्या असतात. कृष्णधवल प्रतिमा रंगीत नोंदीतील रंग वजा करून मिळते. या गाळण्या नसलेला, केवळ कृष्णधवल चित्रे घेणारा कॅमेरा लायका कंपनीने २०१२ मध्ये विक्रीस आणला.