मागचा दिवा

संभाजीनगरहून बीडकडे येताना शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला की गेवराई तालुका सुरू होतो. पूर्वीचा 211 क्रमांकाचा आणि आताचा 52 क्रमांकाचा हा धुळे–सोलापूर महामार्ग इथे चौपदरी आहे, सरळ आहे. रात्री अकरानंतर गर्दीही नसते. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी या रस्त्याने गावाकडे येत होतो. गाडीला क्रूझ कंट्रोल होता आणि त्याचं मला नवं कौतुक होतं. 90 वर आकडा लावला, पाय पेडलवरून काढून आखडून घेतला आणि गाणी लावली.

पुढे अंधारात अंधाराचाच एक जास्त दाट चौकोन दिसला. तो काय आहे हे कळायच्या आत उसाचे बुडखे काचेच्या उंचीवर आले. पाय ब्रेकवर गेला, पण आधी तो ब्रेक शोधावा लागला. उजवी लेन रिकामी होती म्हणून हे लिहितो आहे. शेजारून जाताना दिसलं की दोन ट्रॉल्यांची जोडी होती, पुढे ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणं चालू होतं. मागे एकही लाल दिवा नव्हता.

पुढच्या धाब्यावर हातपाय थरथरत होते म्हणून थांबलो. थोड्या वेळाने तोच ट्रॅक्टर तिथे येऊन टेकला. मी भांडायच्या तयारीने गेलो. ड्रायव्हर माझ्याच वयाचा होता. म्हणाला, "भाऊ, वायर लावली तरी टिकत नाही. ट्रॉली सोडा-जोडायची, तवा पिन तुटती. गव्हाणीत ऊस टाकताना बल्ब ऱ्हात नाही. आन् मालक म्हणतो, रेडियम लावलंय की." रेडियम खरंच लावलेलं होतं. त्याच्यावर चिखल होता आणि वरून लोंबणाऱ्या उसाने ते अर्धं झाकलं होतं.

भांडण काही झालं नाही. चहा झाला. पण त्या रात्रीपासून दोन गोष्टींचा इतिहास मी शोधतो आहे: माझ्या स्टिअरिंगवरचं ते बटण आणि त्याच्या ट्रॉलीवर नसलेला तो दिवा.

बटणापासून सुरू करतो. विहिरीवर ऑइल इंजिन असलेल्या कुठल्याही घरात 'गव्हर्नर' हा शब्द माहीत असतो. पाण्याचा भार कमीजास्त झाला तरी इंजिनाचे फेरे फारसे बदलू न देणारा तो भाग. जेम्स वॉटने 1788 साली वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, तेव्हापासून ही कल्पना यंत्रशाळेत रुळली आहे. मोटारीला मात्र ती माणसाच्या सोयीसाठी लावायचं श्रेय जातं राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याला. टीटर पाच वर्षांचा असताना एका अपघातात त्याची दृष्टी गेली. तरी तो इंजिनिअर झाला, पिस्टन रिंगा बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख झाला, 1936 साली अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संघटनेचा अध्यक्षही झाला. गाडी तो अर्थातच चालवत नव्हता, शेजारी बसायचा. त्याचा वकील बोलायला लागला की गाडी हळू करायचा आणि ऐकायला लागला की वेग वाढवायचा, या हिसक्यांना वैतागून टीटरने हे यंत्र करायला घेतलं असं सांगतात. दुसरं कारण युद्धाचं. पेट्रोल आणि टायर वाचवण्यासाठी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ताशी 35 मैलांची, म्हणजे सुमारे 56 किलोमीटरची वेगमर्यादा होती. ती पाळायला चालकाला मदत हवी होती.

टीटरला पेटंट मिळालं 1950 साली आणि क्रायस्लरने हे यंत्र 1958 च्या गाड्यांत दिलं. मला यातला एक तपशील फार महत्त्वाचा वाटतो. टीटरचं सुरुवातीचं यंत्र वेग धरून ठेवत नव्हतं. ठरवलेला वेग आला की ॲक्सिलरेटरचं पेडल तळपायाला उलटं ढकलायचं. पाय पेडलवरच असायचा आणि आता बास, हे पायाला कळायचं. पेडल जागच्या जागी धरून ठेवून पाय मोकळा करण्याची सोय नंतर आली. म्हणजे वेगाला आवर घालण्यासाठी जन्मलेली वस्तू हळूहळू वेग न सोडण्याची वस्तू झाली. 1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत ती घरोघरी पोचली, कारण लांबलचक, कुंपण घातलेल्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या रस्त्यांवर तिने पेट्रोल वाचत होतं. त्या रस्त्यांवर चालणाऱ्या प्रत्येक वाहनाला मागे लाल दिवा असणार, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

आता त्या दिव्याकडे.

आमच्याकडे रात्रीच्या रस्त्यावरचा जुना दिवा म्हणजे बैलगाडीच्या आखाखाली टांगलेला कंदील. कराडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील मराठी मुलखात इतका पसरला होता की जुनी माणसं कंदिलाला कंदील न म्हणता प्रभाकरच म्हणायची. आखाखालच्या त्या कंदिलाच्या उजेडात वाट दिसते, असा माझा लहानपणी समज होता. आजोबांना विचारलं तर हसले होते. वाट बैलांना ठाऊक असते, कंदील दुसऱ्यासाठी असतो, म्हणाले. गाडीवान रात्री झोपायचा. कंदील हलताना दिसला की समोरच्याने किंवा मागच्याने समजायचं, गाडी आहे.

वाहनाच्या दिव्यांबद्दल मी नंतर जे काही वाचलं, ते या वाक्याच्या पुढे फारसं गेलं नाही. पुढचे दिवे पाहण्यासाठी आणि बाकीचे सगळे दिसण्यासाठी. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये हे आकड्यात आहे: मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे. 155 मीटर म्हणजे साधारण पाचशे फूट. हा आकडा मी माझ्या त्या रात्रीला लावून पाहिला. ताशी 90 म्हणजे सेकंदाला 25 मीटर. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर 37 मीटर तिथेच गेले. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी 45. उभी ट्रॉली असेल तर एकूण 82 मीटर हवेत. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतात, काळपट ऊस मला दिसणार पन्नास-साठ मीटरवर. लाल दिवा असता तर माझ्याकडे 155 मीटर होते, जवळजवळ दुप्पट. तो नसताना गणित जमतं फक्त ताशी साठला: पंचवीस आणि वीस, पंचेचाळीस मीटर. टीटरच्या युद्धकाळातल्या 56 च्या हे किती जवळ आहे पाहा. आणि दीड सेकंद हा आकडा पाय पेडलजवळ असणाऱ्यासाठी आहे. माझा पाय सीटखाली होता.

ट्रॉली महामार्गावर आली कशी, हाही इतिहासच आहे. जायकवाडी धरण सत्तरच्या दशकात पुरं झालं. त्याच्या उजव्या कालव्याचं आणि पुढे माजलगाव धरणाचं पाणी आलं तसा गोदाकाठच्या गेवराई-माजलगावात ऊस उभा राहिला. त्याच जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात, पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणीकडे, पाणी नाही. तिथली माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून, 1950 नंतर पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने वाढत गेले तशी, कोयता घेऊन तिकडे जात होती. 1972 च्या दुष्काळाने हा ओघ वाढवला. मुकादमाची उचल घ्यायची आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला बैलगाडीसह निघायचं. नवरा-बायकोच्या जोडीला हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. पुढे लाकडी चाकाची गाडी जाऊन टायरगाडी आली, तिच्या जोडीला ट्रॅक्टर आणि दोन-दोन ट्रॉल्या आल्या. कंदील टांगायचा आख गेला आणि त्याच्या जागी एक वायर आली, ट्रॅक्टरपासून पहिल्या ट्रॉलीला, तिथून दुसऱ्या ट्रॉलीला. रोज सोडायची, रोज जोडायची, चिखलातून, धसकटातून न्यायची. ती तुटणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. कंदिलाची जबाबदारी गाडीवानाची होती, कारण गाडी त्याची होती. वायर कुणाची? ट्रॉली मालकाची, फेरी ठेकेदाराची, ऊस कारखान्याचा, आणि ड्रायव्हर रोजावर.

मग रेडियम. ज्याला आपण रेडियम म्हणतो त्यात रेडियमचा कणही नसतो. अंधारात आपोआप चमकणाऱ्या घड्याळांच्या काट्यांवरून ते नाव चिकटलं असावं. खरं तर ती पडलेला उजेड आल्या दिशेने परत पाठवणारी पट्टी आहे. इंग्लंडमध्ये पर्सी शॉने 1934 साली रस्त्यात बसवायचे 'मांजरडोळे' काढले, ते याच तत्त्वावर. ही पट्टी स्वस्त आहे, तिला वायर नाही, बॅटरी नाही. दर गळीत हंगामाच्या सुरुवातीला आरटीओची माणसं कारखान्याच्या यार्डात जाऊन ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना ती लावतात, पेपरात फोटो येतो. ही मोहीम चांगली आहे, तिची चेष्टा करायची नाही. पण पट्टी उसाखाली गेली की संपली. आणि ती मागच्या गाडीच्या दिव्याशिवाय मुकीच असते.

ट्रॅक्टरची आणखी एक गंमत, गंमत म्हणायची तर. मागे नांगराकडे उजेड पाडायला ट्रॅक्टरला एक पांढरा दिवा असतो. रात्रीच्या रस्त्यावर काही जण तोच चालू ठेवतात, मागच्याला दिसावं या चांगल्या हेतूने. मागच्याला मात्र वाटतं, समोरून मोटारसायकल येते आहे. लाल म्हणजे माझ्याच दिशेने जाणारं, पांढरं म्हणजे समोरून येणारं, एवढ्या एका कराराच्या जोरावर रात्रीची सगळी वाहतूक चालते.

हा करार फक्त ट्रॅक्टरवाले मोडतात असं समजून मी बरेच दिवस खूश होतो. मग एका संध्याकाळी भावाच्या गाडीमागून चालताना पाहिलं, तिच्या मागचे दिवे बंद. त्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, लाइट लागलेत की, समोर उजेड दिसतोय." समोर होते ते दिवसा आपोआप लागणारे दिवे. पुष्कळ नव्या गाड्यांत ते लागले तरी मागचे लागत नाहीत, आणि डॅशबोर्ड मात्र दिवसरात्र उजळलेला असतो. पूर्वी काटे दिसेनात म्हणून हात दिव्याच्या खटक्याकडे जायचा, ती आठवण नव्या गाडीने काढून घेतली. स्वीडनने 1977 साली दिवसाही दिवे लावणं सक्तीचं केलं. आपल्याकडे 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम चालू असतो. सुरुवातीचे कित्येक महिने बीडच्या रस्त्यावर निम्मं गाव समोरच्याला बोटांची उघडझाप करून सांगत होतं, लाइट चालू राहिलीय. दुसऱ्याला सांगायची ती सवय किती चांगली होती! मागचा दिवा बंद आहे, हे अजून कुणी कुणाला हाताने सांगत नाही.

पूर्वी हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवलेला असायचा, हे आजच्या मुलांना फोटोतच दिसेल. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. ट्रकच्या मागे 'यूज डिपर ॲट नाइट' लिहिलेलं असतं, तेही त्याच विनंतीचं दुसरं रूप. आता दिवे पांढरेशुभ्र आणि प्रखर झाले, काळा रंग गेला, आणि दुभाजकात झाडं नसतील तर समोरच्या अप्परने आपल्या लेनमधली ट्रॉली पुसून जाते. धावत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावून पावसात जाणारे तर वेगळेच: वळायचं असेल तेव्हा सांगायला त्यांच्याकडे काही उरत नाही.

आमच्या जिल्ह्याला रात्रीचा प्रवास नवा नाही. रेल्वे बीड शहरात पोचली ती 17 सप्टेंबर 2025 ला. तोवर मुंबईला वेळेवर पोचायचं तर रात्रभर रस्ता तोडायचा, हाच आमचा शिरस्ता. 14 ऑगस्ट 2022 ला मराठा आरक्षणाच्या बैठकीसाठी बीडहून रात्री निघालेल्या विनायक मेटेंची गाडी पहाटे पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ पुढच्या अवजड वाहनावर आदळली आणि त्यात ते गेले. सकाळी बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत प्रत्येकाने आधी हेच विचारलं, किती वाजता निघाले होते?

नव्या महागड्या गाड्यांत पुढच्या वाहनाचं अंतर रडारने मोजून आपोआप हळू होणारा क्रूझ आला आहे. मित्र म्हणतात, तो घे, प्रश्न मिटला. त्याच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत काय असतं ते वाचावं: थांबलेली आणि अगदी संथ वाहनं ओळखली जातीलच असं नाही. असं का, हे सॉफ्टवेअरवाल्याला कळतं. रस्त्याकडेचे फलक, पुलाचे कठडे, सगळंच रडारला थांबलेलं दिसतं. प्रत्येकासाठी ब्रेक मारला तर गाडी चालणार नाही, म्हणून स्थिर वस्तू पुष्कळदा गाळल्या जातात. पंक्चर काढायला रस्त्यातच उभी केलेली उसाची ट्रॉली त्या गाळणीतून सहज खाली पडू शकते.

क्रूझ मी अजून वापरतो. समृद्धीवर, दिवसा, कोरड्या रस्त्यावर, पुढे अर्धा किलोमीटर मोकळं दिसत असेल तेव्हा. तिथेही पाय पेडलपाशीच ठेवतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने तो बंद करून थोडा वेळ स्वतः चालवतो, कारण एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही माणूस झोपतो. पावसात नाही, कारण पाण्यावर चाक घसरलं तरी यंत्र वेग टिकवू पाहतं. मांजरसुंब्याच्या घाटात नाही. आणि शहागडचा पूल आला की दिवस मावळलेला असेल तर बटण दाबून काटा साठवर आणतो. मागचे लोक हॉर्न देतात, देऊ देत.

निघण्याआधी गाडी भिंतीकडे पाठ करून लावतो आणि दिवे लावून आरशात पाहतो. भिंतीवर लाल उजेड पडला पाहिजे, ब्रेक दाबला की तो वाढला पाहिजे. मागच्या दिवाळीत आई हे बघत उंबऱ्यात उभी होती. तिला वाटलं गाडी बिघडली. काय करतोयस, म्हणाली. म्हटलं, आजोबांचा कंदील बघतोय.