पुण्यातलं नाही, आमचं औंध

नेटवर ‘औंध’ शोधलं की आधी पुण्यातलं औंध येतं. टू बीएचके, कॅफे, आयटी कंपन्या. इंग्रजी स्पेलिंग थोडं चुकलं तर थेट लखनौकडचं अवध. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं आमचं औंध या सगळ्यांच्या मागे उभं असतं. २०१७ मध्ये थर्ड इयरला मिनी प्रोजेक्टचा विषय द्यायचा होता, तेव्हा मी ‘गावाची वेबसाइट’ असं लिहून टाकलं. अर्धं कारण हा राग. अर्धं कारण म्हणजे मला दुसरं काही येत नव्हतं.

वेबसाइट करणं हा तेव्हा माझा जोडधंदा होता. एका मंगल कार्यालयाची केली, चार हजारांत. एका द्राक्ष बागायतदाराची केली, त्याचे अर्धे पैसे पेटीने मिळाले. कॉलेजच्या फेस्टची साइट तर दर वर्षी नवी. महिनाभर त्यावर उलटं मोजणारं घड्याळ चालायचं, तीन दिवस गर्दी, मग पासवर्ड ज्याच्याकडे तो सिनियर नोकरीला लागायचा आणि साइट मरायची. त्याचं कुणालाच काही वाटत नसे.

खरा त्रास मराठीचा होता. एका शाळेने मजकूर दिला तो जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला. ब्राउझरमध्ये टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि टक्क्याची चिन्हं. या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचं चित्र बसवलेलं असतं. फाँट नसेल तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आमच्याकडच्या शाळांच्या ऑफिसात ती २०१७ लाही नीट पोचली नव्हती.

युनिकोडमध्येही एक खास आपली खोच आहे. ‘साताऱ्याला’ मधला ऱ्य. तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरून. दुसरा, साध्या ‘र’ला हलंत देऊन पुढे एक न दिसणारं चिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. एक शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. आणि ते न दिसणारं चिन्ह गळलं की ‘सातार्याला’ होतं. माझ्या कोडमध्ये मजकूर ‘स्वच्छ’ करणारी एक ओळ होती, ती नेमकं तेच करायची. जिल्ह्याचंच नाव मोडायची.

असो. साइटसाठी वाचायला बसलो आणि गावच हातात मावेना. औंध संस्थान ७२ गावांचं, पण सलग नाही. एक तुकडा औंधचा, एक आटपाडीचा, एक कुंडलचा, एक थेट विजापूरकडे गुणदाळचा. नकाशाच्या पानावर चार ठिपके काढले तर मास्तर म्हणाले, तुझा कोड गंडलाय. कोड बरोबर होता, संस्थानच तसं होतं.

राजे भवानराव पंतप्रतिनिधी, लोकांचे बाळासाहेब, स्वतः चित्रकार. १९३८ मध्ये त्यांनी श्रीभवानी संग्रहालय उभं केलं. तिथे रविवर्मा आहे आणि हेन्री मूरचं एक शिल्पही आहे. त्याच वर्षी त्यांनी सत्ता प्रजेच्या हाती देण्याचं जाहीर केलं, आणि १९३९ च्या जानेवारीत तशी राज्यघटना आली. गावपंचायत, तिच्यावर तालुका, तिच्यावर विधिमंडळ. ती घडवण्यात गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंत होते, आणि एक इंजिनिअर होता. मॉरिस फ्रीडमन, पोलंडचा. बंगळुरातल्या सरकारी विजेच्या कारखान्यातला माणूस इथे खादी घालून गावोगाव फिरत होता. कैद्यांना बिनभिंतीच्या वसाहतीत ठेवायची कल्पनाही त्याचीच. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं ते त्यातून. पुढे गदिमांनी त्यावर कथा लिहिली आणि १९५७ मध्ये शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला एकाही लेक्चरला हे नाव ऐकू आलं नाही.

पण मला जास्त ओढ लागली ती छापणाऱ्या माणसांची. किर्लोस्करवाडी ही याच संस्थानातली, कुंडलजवळची, १९१० ची. तिथे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. मुळात कारखान्याच्या नांगरांची वगैरे माहिती द्यायला. म्हणजे कंपनीची वेबसाइटच की! फरक इतकाच की ते मासिक वाढत वाढत मराठी घरांत शिरलं, त्याला १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ अशी भावंडं झाली. इकडे औंधात श्रीपाद दामोदर सातवळेकर, तेही चित्रकारच, स्वाध्याय मंडळाच्या छापखान्यातून वेदांच्या संहिता आणि भाषांतरं काढत होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, सातवळेकर गुजरातेत पारडीला गेले, पण औंधचा शिक्का असलेली त्यांची पुस्तकं अजून कुणाच्या तरी माळ्यावर निघतात. छापून पाठवलेली प्रत परत कुणी मागत नाही, ती तिथेच राहते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त शिक्षक राहायचे. माझ्या उद्योगाचं कळल्यावर त्यांनी बोलावलं. “इंजिनिअर, हे बघ तुझ्या कामाचं आहे का,” म्हणत एक वही दिली. संस्थान विलीन झालं तेव्हा ते 12 वर्षांचे होते. शाळेतले सक्तीचे सूर्यनमस्कार, यात्रेतली गर्दी, पंचायतीतून वडील घरी आल्यावर काय बोलायचे, असं सगळं शाईने लिहिलेलं. 11 प्रकरणं. मी महिनाभर रात्री टाइप करून ती साइटवर चढवली. सरांना दिसायचं कमी, तरी मोबाइल डोळ्यांजवळ धरून ते वाचायचे. वही परत दिली. प्रोजेक्टला चांगले मार्क पडले.

पुढे नोकरी, पुण्यात. (हो, त्याच औंधात खोली मिळाली. हसा.) डोमेनचं वर्ष संपल्याचे मेल येत राहिले. सातशे-आठशे रुपयांचा प्रश्न होता. पगार झाला की भरू म्हणत राहिलो. होस्टिंग बंद झालं, मग जुना लॅपटॉप विकला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला. सर तेव्हा लेकीकडे सांगलीलाच राहायला गेले होते, आणि वहीही. माणसं वरच्या मजल्यावर वाचली. खालचं कपाट तीन दिवस पाण्यात होतं.

सर गेले त्यानंतर दोन वर्षांनी ताईंचा फोन आला. “बाबा सगळ्यांना सांगायचे, माझी वही इंटरनेटवर आहे. ती लिंक पाठवशील का रे?”

मी त्यांना संध्याकाळपर्यंत थांबा म्हणालो. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साइटचा पत्ता टाकला. एक प्रत सापडली, २०१८ ची. उघडली तर पहिली चार प्रकरणं होती. बाकीची सात नव्हती, कारण ती मी ‘आणखी वाचा’ या बटणामागे ठेवली होती. त्या बटणावर दाबलं की जावास्क्रिप्ट मजकूर आणायची. प्रत घेणारा बॉट पान वाचतो, बटण दाबत नाही. तेव्हा मला ते बटण फार देखणं वाटलं होतं.

जी चार होती त्यांतही प्रत्येक ‘ऱ्य’ मोडलेला. एकेक शब्द हाताने सुधारला. बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात पाच प्रती काढल्या, स्पायरल बाइंडिंग केलं. एक गावातल्या वाचनालयात दिली, एक माझ्याकडे, दोन मित्रांकडे. पाचवी घेऊन सांगलीला गेलो.

ताईंनी चहा ठेवला. प्रत मांडीवर घेतली, शेवटच्या पानापर्यंत सावकाश चाळली आणि पुन्हा पहिल्या पानावर आल्या.

“विलीनीकरणाचं यात नाही,” त्या म्हणाल्या. “ते शेवटी होतं.”