सात तास स्विच ‘मंजूर’ म्हणत होता

शुक्रवार, १० ऑगस्ट २०१८. अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा धाडला: येत्या काही दिवसांत एटीएममधून जगभर एकाच वेळी लूट होऊ शकते.

शनिवार, सकाळ. दुसरा शनिवार, बँका बंद. माधवनगरात मी ज्या पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळतो, तिचंही शटर खाली. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेलाही सुट्टी. एटीएमचा स्विच मात्र चालू.

दुपारी ३. कार्ड घातलं की पैशांची मागणी स्विच नावाच्या सर्व्हरकडे जाते. स्विच मुख्य सर्व्हरला विचारतो, शिल्लक आहे का? मग उत्तराचा कोड परत येतो: ‘००’ म्हणजे मंजूर, ‘५१’ म्हणजे शिल्लक अपुरी. हल्लेखोरांनी कॉसमॉसच्या या वाटेतच बनावट स्विच उभा केला होता. मागणी मुख्य सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हती, मंजुरी परस्पर सुटत होती. मुख्य सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या व्यवहारांचा मागमूस नाही, खातेदारांच्या शिल्लकीला धक्का नाही. फक्त तिथेच पाहणाऱ्याला सगळं आलबेल वाटलं असतं. बिघाड झालेला सर्व्हर निदान बंद पडतो. हा उत्तम चालत होता, म्हणूनच जास्त धोक्याचा.

संध्याकाळ. २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघत होत्या. भारतातही. आमच्यापासून तासा-दीड तासावरच्या कोल्हापुरातही बनावट कार्डं घेऊन माणसं मशीनपुढे उभी होती.

रात्री १०. परदेशात सुमारे १२,००० व्यवहार, ७८ कोटी रुपये. देशात २,८४९ व्यवहार, अडीच कोटी. मिनिटाला सरासरी ३५.

रविवार. एफबीआयचा तो इशारा पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी जगजाहीर केला. एटीएममधला पैसा तोवर गेला होता.

सोमवार, सकाळी ११.३०. स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोप-यंत्रणेतून कॉसमॉसचे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यात वळते झाले. इथे माझा जीव तुटतो. शनिवारच्या लुटीनंतरही चोरांची एक वाट उघडीच होती. एका सर्व्हरमध्ये घुसखोरी दिसली, की शेजारचे सगळे सर्व्हर संशयित धरून आधी जाळ्यातून तोडायचे असतात. मूळ कारण मागाहून शोधता येतं.

मंगळवार. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा. एकूण लूट ९४ कोटींवर. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं.

आमच्या संस्थेला एटीएम नाही, पिग्मी आहे, म्हणजे एजंटमार्फत गोळा होणारी रोजची छोटी बचत. एजंटच्या मशीनवरचा भरणा आणि सर्व्हरवरची नोंद मी आता रोज, सुट्टीच्या दिवशीही, जुळवतो. दहा मिनिटं लागतात. तुमच्या बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या वार्षिक सभेत एवढं जरूर विचारा: दुसऱ्या शनिवारी हा ताळमेळ कोण घेतं?